काचेच्या धाग्याला गाठ का मारत नाहीत

भोसरी एमआयडीसीतून जाताना एखाद्या शेडबाहेर स्टायरीनचा डोक्यात जाणारा वास आला, की समजावं आत एफआरपीचं, म्हणजे काचतंतू घालून मजबूत केलेल्या प्लास्टिकचं काम चालू आहे. केमिकल कंपन्यांत चालायला टाकलेल्या पिवळ्या जाळ्या, शिड्या, केबल ट्रे, रेल्वेच्या ओव्हरहेड तारा धरणाऱ्या इन्सुलेटरच्या पोटातली दांडी, आणि अलीकडे काँक्रीटमध्ये लोखंडी सळईच्या जागी घालायचा काचतंतूंचा गज, हे सगळं अशाच शेडमधून मीटरवर मीटर बाहेर पडत असतं. या गजांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये आयएस १८२५६ हे मानकही काढलं. गज गंजत नाही, हलका असतो, एवढं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण तो ज्या धाग्यांचा बनतो ते धागे अखंड नसतात. त्यांना मधे मधे जोड असतात, आणि त्या जोडांवर बरंच काही अवलंबून असतं. त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

आधी मशीन समजून घेऊ. या पद्धतीला पल्ट्रूजन म्हणतात. एका टोकाला लोखंडी रॅक असतो, तो क्रील. त्यावर काचेच्या धाग्याच्या बॉबिनी मांडलेल्या असतात. बॉबिनीतून निघणारा धागा म्हणजे रोव्हिंग. हे सूत नव्हे, त्याला पीळ नसतो. केसापेक्षा बारीक असे हजारो काचेचे तंतू नुसते शेजारी शेजारी धरलेले असतात. सगळी रोव्हिंग सिरॅमिकच्या आयलेटमधून, म्हणजे गुळगुळीत कड्यांमधून ओवून रेझिनच्या, म्हणजे तापवल्यावर कडक होणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या बाथमध्ये जातात, भिजून निघतात, मग साधारण मीटरभर लांबीच्या तापवलेल्या पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात शिरतात. डायच्या आत रेझिन घट्ट होतं आणि पलीकडून तयार दांडी बाहेर येते. पुढे पुलर तिला पकडून ओढत असतो आणि करवत मापाला तुकडे कापत असते.

इथे ढकलणारं काहीच नाही, सगळं ओढण्यावर चालतं. मागच्या धाग्याला पुढची तयार दांडीच खेचून आणते. एखादा धागा तुटला, तर त्याचं मागचं टोक जागेवरच राहतं, आणि तयार दांडीत तेवढी काच कमी पडते. आणि लाइन थांबवायचं म्हटलं तर रेझिन काही थांबत नाही. डायमध्ये अडकलेलं रेझिन तिथेच कडक होतं, भिंतीला धरतं. नंतर पुलर चालू केला की दांडीचा पृष्ठभाग खरवडून निघतो, नाहीतर दांडी हलतच नाही. मग डाय उघडून साफ करण्यात अख्खी पाळी जाते. त्यामुळे बॉबिन संपली तरी लाइन चालू ठेवूनच नवी जोडावी लागते.

किती वेळा? हिशेब करून बघू. ४८०० टेक्सचं रोव्हिंग घ्या. टेक्स म्हणजे एक किलोमीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे हा धागा किलोमीटरला ४.८ किलो भरतो. २० किलोच्या बॉबिनीवर तो ४ किलोमीटरपेक्षा थोडा जास्त बसतो. लाइन मिनिटाला ६० सेंटिमीटर चालत असेल, तर बॉबिन जवळजवळ पाच दिवस पुरते. ऐकायला निवांत वाटतं. पण २० मिलिमीटर जाडीच्या एका गजात, काचेचं प्रमाण आकारमानाच्या ५८ टक्के धरलं, तर असे सुमारे १०० धागे लागतात. पाच दिवसांत १०० जोड, म्हणजे सरासरी दर ७० मिनिटांनी एक, रात्रपाळी धरून. आणि टाक्यांवर धागा गुंडाळायच्या फिलामेंट वाइंडिंगमध्ये धागा मिनिटाला ६० मीटर धावत असेल, तर तीच बॉबिन ७० मिनिटांत रिकामी होते.

आता जोडायचं कसं? पहिला विचार गाठीचा येतो, आणि काचेच्या बाबतीत तो सगळ्यात वाईट आहे. काच ओढायला जबरदस्त असते, पण तिला वाकवलं की वाकाच्या बाहेरच्या बाजूला ताण येतो. तंतू जितका जाड आणि वळण जितकं लहान, तितका ताण जास्त. २४ मायक्रॉनचा काचतंतू घेतला आणि त्याला अडीच टक्क्यांपर्यंत ताण सोसतो असं धरलं, तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येच्या वळणावर तो मोडतो. गाठ आवळताना आतली वळणं त्याहून लहान होतात. म्हणजे गाठ आवळत असतानाच आतले तंतू कडाकडा तुटत असतात. कानाजवळ धरलं तर ऐकूही येतं. जे उरतात ते गोळा होऊन बसतात, हा गोळा आयलेटमध्ये अडकतो, आणि अडकला नाही तरी त्याच्या आत रेझिन शिरत नाही.

मग डिंक? पटकन चिकटणारा सुपरग्लू, हॉटमेल्टचा, म्हणजे वितळवून लावायच्या डिंकाचा थेंब, चिकटपट्टी, हे सगळं लोक करतात, आणि हातात ओढून पाहिलं तर असा जोड भक्कमही वाटतो. अडचण दुसरीच आहे. जिथे डिंक बसला तिथे रेझिनला जागा राहत नाही. तयार दांडीच्या पोटात एक परका, न भिजलेला तुकडा कायमचा राहतो. डायमध्ये १२० ते १८० अंश तापमान असतं. हॉटमेल्ट तिथे पुन्हा मऊ पडतो.

या विषयात एक गोष्ट नीट कळली, की बाकीचं आपोआप उलगडतं, म्हणून तिथे जरा थांबू. जोडाला दोन वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. पहिली कोरड्या अवस्थेतली: क्रीलपासून डायपर्यंत सुखरूप पोचणं. दुसरी रेझिन घट्ट झाल्यावरची: तयार वस्तूत भार वाहणं. बहुतेकांची समजूत अशी, की जोड मूळ धाग्याइतकाच मजबूत हवा. पहिल्या परीक्षेसाठी तशी गरजच नाही. ४८०० टेक्सचं कोरडं रोव्हिंग शंभर किलोंहून जास्त ताण सोसतं, पण क्रीलवर त्याच्यावर येणारा ताण किलो-दोन किलोंच्या घरातला असतो. मूळ ताकदीचा लहानसा हिस्सा टिकला तरी जोड डायपर्यंत येतो. दुसऱ्या परीक्षेत तर जोडाची पकड कामाला येतच नाही. तिथे भार नेतं ते रेझिन. एका तंतूतून शेजारच्या रेझिनमध्ये, रेझिनमधून दुसऱ्या तंतूत, असा तो कातरबलाने सरकत जातो. म्हणून चांगल्या जोडाची कसोटी घट्टपणा नसून मोकळेपणा आहे: तंतू एकमेकांत मिसळलेले हवेत, पण रेझिनला आत शिरायला वाट हवी.

हे साधणारी पद्धत सूतगिरण्यांतून आली. पूर्वी बॉबिन भरताना तुटलेल्या सुताला गाठ मारत. ती गाठ कापडात दिसायची, मागावर फणीत अडायची. नंतर हवेने जोडायची यंत्रं आली, आणि इचलकरंजीच्या बाजूला सूतगिरणीत काम केलेल्या कोणालाही एअर स्प्लायसर हा शब्द नवा नाही. कापसाच्या सुताला पीळ असतो, त्यामुळे तिथे आधी पीळ उलगडून, हवा मारून, पुन्हा पीळ द्यावा लागतो. काचेच्या रोव्हिंगला पीळ नसल्याने काम सोपं होतं.

स्प्लायसर हातात मावणारा असतो, पिस्तुलासारखा. त्याच्या तोंडाशी एक छोटी खाच असते, तोच चेंबर. एका बाजूने जुन्या धाग्याचं टोक, समोरच्या बाजूने नव्या धाग्याचं टोक, असे दोन्ही त्या खाचेत एकमेकांवर ठेवायचे, झाकण लावायचं, खटका दाबायचा. ५ ते ७ बार दाबाची हवा, म्हणजे कारखान्यात नेहमी असते तीच, बारीक भोकातून चेंबरमध्ये सुटते. क्षणभराचा फटका, पण आत वावटळ उठते. तंतू सुटे होतात, थरथरतात, एकमेकांत घुसतात आणि गुंततात. हवा बंद झाली की घर्षणाने तसेच राहतात. डिंक नाही, गाठ नाही, परकं काहीच नाही. जाडी साहजिकच दुप्पट होते, कारण तिथे दोन धागे शेजारी आहेत, पण आकार चपटा आणि मऊ राहतो. लांब जोड हवा असेल, तर थोडं सरकवून दुसरा, तिसरा फटका मारतात. चेंबर धाग्याच्या जाडीला बेतलेला हवा. २४०० टेक्सचं रोव्हिंग ४८०० च्या चेंबरमध्ये घातलं, तर तंतू सैल उडत राहतात, गुंतत नाहीत. उलट केलं, तर दाटीवाटीत हलायलाच जागा मिळत नाही.

एका शेडमध्ये पाळीवरच्या जुन्या ऑपरेटरला विचारलं होतं, "मामा, जोड बरा झालाय की नाही, कसं ओळखता?" त्यांनी धागा चिमटीत धरला, जोडावरून आधी एका दिशेने, मग उलट्या दिशेने बोट फिरवलं. "जाताना नाही अडकलं, येताना अडकलं. म्हणजे शेपटी राहिलीये." दिसेल न दिसेल एवढी अर्ध्या बोटाची शेपटी बाहेर निघालेली होती. त्यांनी सरळ जोड कापून टाकला आणि नवा मारला. शेपटी कातरून भागलं नसतं का, विचारल्यावर म्हणाले, "शेपटी बाहेर आहे म्हणजे आत तेवढे तंतू कमी गुंतलेत." हे फार नेमकं निरीक्षण आहे. सुटी शेपटी बाथमधल्या फणीत अडकते, तिच्यावर काचेची कुसं जमत जातात, बघता बघता गोळा होतो आणि तो शेजारच्या चार धाग्यांना घेऊन तुटतो.

स्प्लायसरला मागून पुरवली जाणारी हवा हा भाग दुर्लक्षिला जातो. काचतंतूवर तो बनतानाच सायझिंगचा पातळ थर दिलेला असतो. त्यात सिलेन असतं, जे काच आणि रेझिन यांना एकमेकांशी बांधतं. कॉम्प्रेसरच्या हवेतून तेल आलं, तर ते नेमकं जोडावरच्या या थरावर बसतं. जोड दिसायला उत्तम, कोरडा ओढून पाहिला तरी उत्तम, आणि तयार दांडीत मात्र तिथेच रेझिन धरत नाही. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये कॉम्प्रेसरच्या टाकीचा ड्रेन कॉक उघडला की पाण्याची धारच लागते. ते पाणी लाइनमध्ये गेलं की स्प्लायसरच्या फटक्याचा जोर रोज वेगळा येतो. माझं मत विचाराल, तर महागडा स्प्लायसर घेण्याआधी हवेच्या लाइनवर चांगला ड्रायर आणि तेल अडवणारा फिल्टर बसवावा. साध्या स्प्लायसरलाही कोरडी, स्वच्छ हवा मिळाली की तो चोख काम करतो.

आता जोड कुठे मारायचा याबद्दल. काचेच्या रोव्हिंगची बॉबिन आतून उलगडते. धागा पोकळ मधल्या भागातून वर निघतो आणि बॉबिन जागेवर स्थिर राहते. यात मोठी सोय आहे: बाहेरचं शेवटचं टोक पहिल्या दिवसापासून हाताशी असतं. म्हणून चालू बॉबिनीचं बाहेरचं टोक शेजारच्या नव्या बॉबिनीच्या आतल्या टोकाला आधीच, सावकाश, जोडून ठेवता येतं. जुनी संपली की धागा आपोआप नव्या बॉबिनीवर जातो, लाइनला कळतही नाही. नवशिका माणूस कधी बाहेरचं टोक बाहेरच्याच टोकाला जोडतो. मग नवी बॉबिन बाहेरून सुटायला लागते, घेर ढासळतो आणि गुंता होतो. याच कारणाने बॉबिनीवरचं घट्ट प्लास्टिक काढायचं नसतं. शेवटचे थर उरले की तेच त्यांना उभं धरून ठेवतं.

कार्बनच्या धाग्याचं तसं नाही. तो पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेला असतो आणि बाहेरून, बॉबिन फिरवत, उलगडतो. आतलं टोक नळीखाली दबलेलं, त्यामुळे आधी जोडून ठेवणं शक्य नाही. तिथे मशीन थांबवतात किंवा मधे धाग्याचा साठा धरणारी रचना बसवतात.

इथपर्यंत एका जोडाचं झालं. तयार वस्तूची ताकद मात्र सगळे जोड कुठे पडतात यावर ठरते. एक तंतू तुटला, तर त्याच्यावरचा भार शेजाऱ्यांकडे जायला साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटर लांबी पुरते. पण ४८०० टेक्सच्या रोव्हिंगमध्ये असे ४००० च्या आसपास तंतू असतात. ते सगळे एकाच रेषेत सपाट कापले गेले, तर रेझिनच्या दृष्टीने तो दीड मिलिमीटर जाडीचा एकच दोर तुटल्यासारखा होतो. भार पलीकडे न्यायला लागणारी लांबी जाडीच्या प्रमाणात वाढते, म्हणजे आता ३५-४० मिलिमीटर. म्हणून टोकं एकमेकांवर पुरेशी चढवायची आणि शक्य तितकी विस्कटलेली ठेवायची. विसर्जन मिरवणुकीत कसबा गणपतीची पालखी जाताना खांदे बदलतात तसं हे आहे. सगळे एकदम बाजूला होत नाहीत; नवा माणूस आधी खांदा घालतो, भार अंगावर घेतो, मगच जुना निघतो, आणि तेही एका वेळी एकच.

हाच नियम बॉबिनींनाही लागू. नवी लाइन लावताना १०० नव्या कोऱ्या बॉबिनी एकाच दिवशी चढवल्या, तर पाचव्या दिवशी त्या सगळ्या काही तासांत संपतील, आणि गजाच्या थोड्याच लांबीत १०० जोड येतील. तेवढा भाग बाकीच्या गजापेक्षा कमजोर राहील, आणि बाहेरून तो ओळखता येणार नाही. अनुभवी सुपरवायझर म्हणूनच पहिल्या दिवशी अर्ध्या, पाव, पाऊण अशा उरलेल्या बॉबिनी मिसळून लावतो.

जाड आणि बारीक वस्तूत फरक किती पडतो तेही पाहा. २० मिलिमीटरच्या गजात १०० धागे आहेत. एक जोड म्हणजे शंभरातला एक. ६ मिलिमीटरच्या दांडीत फक्त ९ धागे बसतात. तिथे एक कमकुवत जोड म्हणजे ११ टक्के ताकद गेली. शिवाय जोडापाशी दोन धागे शेजारी आल्याने काचेचं प्रमाण ५८ टक्क्यांवरून एकदम ६४-६५ वर जातं. दोन जोड एकाच जागी आले तर ७१. एवढी काच डायमध्ये ओढून नेणं जवळपास अशक्य. पुलरचा ताण चढतो आणि डाय जाम होतो. बारीक दांड्या काढणाऱ्यांना जोडांचं वेळापत्रक लिहूनच ठेवावं लागतं.

काही वस्तूंत जोड नकोच असतो. सीएनजीच्या हलक्या टाक्या २०० बारवर चालतात, हायड्रोजनच्या बसमधल्या ३५० बारवर, गाड्यांतल्या ७०० बारवर. प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या अस्तरावर कार्बनचा धागा गुंडाळून त्या बनतात आणि जवळजवळ सगळा दाब तो धागाच पेलतो. तिथे काम सुरू करण्याआधी बॉबिन वजन करून पाहावी. एका टाकीला पुरेल एवढा धागा नसेल, तर ती लहान टाकीसाठी बाजूला ठेवावी. बॉबिन विकत घेतानाही आत कारखान्याचा जोड नको अशी अट घालता येते, आणि अशा कामासाठी ती घालावीच.

इन्सुलेटरच्या दांडीत प्रश्न ताकदीपेक्षा विजेचा असतो. रेल्वेची ओव्हरहेड लाइन २५ हजार व्होल्टची. दांडीत केसाएवढी कोरडी फट लांबीच्या दिशेने राहिली, तर त्यात ओल शिरते आणि आतल्या आत विजेला वाट मिळते. हे तपासायची चाचणी साधी आणि सुंदर आहे. दांडीचे १० मिलिमीटर लांबीचे काप काढतात आणि एका भांड्यात काचेच्या बारीक गोळ्यांच्या थरावर उभे ठेवतात. मिथेनॉलमध्ये १ टक्का फुक्सिन हा रंग विरघळवून केलेलं किरमिजी द्रावण गोळ्यांच्या जरासं वर येईल इतकं ओततात. १५ मिनिटं थांबायचं. फट असेल तर रंग आपोआप वर चढतो आणि कापाच्या वरच्या तोंडावर गुलाबी ठिपका उमटतो. डिंकाने केलेला जोड किंवा नीट न भिजलेला जोड इथे लपत नाही.

म्हणून अशा दांडीत जोड असलेला तुकडा कापून बाजूला काढतात, आणि त्यासाठी तो नेमका कुठे आहे हे कळावं लागतं. बॉबिन बदलताना नजर क्रीलवर हवी. जोड क्रील सोडून निघाला की वेळ लिहायची. क्रीलपासून करवतीपर्यंत १२ मीटर अंतर असेल आणि लाइन मिनिटाला ६० सेंटिमीटर चालत असेल, तर तो बरोबर २० मिनिटांनी करवतीपाशी पोचतो. त्याच्या पुढचा-मागचा मीटरभर तुकडा लाल खूण करून वेगळा ठेवायचा. शिडीच्या पायरीसाठी किंवा हँडरेलसाठी तो चालतो, इन्सुलेटरसाठी नाही.